पिस्टनवरचा आकडा

जुन्या मोटारसायकलची किंमत बहुतेक लोक टाकीवर हात फिरवून सांगतात. रंग कसा आहे, क्रोम किती टिकलंय, सायलेन्सरचा आवाज कसा येतो, यावर भाव ठरतो. पण गाडी चालते ती आतल्या पिस्टनवर आणि दोन व्हॉल्व्हवर, आणि ते किती झिजलेत हे बाहेरून दिसत नाही. घरातल्या कुणाच्या इंतकालानंतर अशी गाडी मागे राहिली आणि वाटणीची वेळ आली, तर हा न दिसणारा भागच महत्त्वाचा ठरतो. तिथे अंदाज चुकला की कुणाच्या तरी हक्काचे पैसे कमी पडतात.

आमच्या घरी ही वेळ आली. म्हणून हा लेख एका बुलेटच्या पिस्टनविषयी आहे, आणि थोडासा आमच्या वाटणीविषयी.

अब्बा इचलकरंजीत कापडाचा धंदा करत. दुकान नव्हतं. यंत्रमागावरचं सुती कापड, लुंग्या, टॉवेल, परकराचं कापड घेऊन ते आठवडे बाजार करत. हुपरी, कुरुंदवाड, जयसिंगपूर, पेठवडगाव. ज्या दिवशी ज्या गावचा बाजार, त्या दिवशी तिथे. बुलेटच्या मागच्या सीटवर आणि दोन्ही बाजूंना गठ्ठे, आणि गठ्ठ्यांत खोचलेला लोखंडी मीटर. कापड मोजून झालं की बोटभर जास्त सोडून मगच ते कात्री लावत. "आपल्याकडून कमी जायला नको," एवढंच म्हणत.

ती बुलेट १९८१ ची. अब्बांनी ती १९८७ साली जुनीच घेतली होती. साडेतीनशे सीसीची म्हणतात; नेमकं सांगायचं तर ३४६. एकच सिलिंडर, त्याचा मूळ व्यास ७० मिमी आणि पिस्टनची वर-खाली धाव ९० मिमी. सिलिंडर बिडाचा, वरचं हेड ॲल्युमिनियमचं. मद्रासला १९५५ साली एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्याची ही गाडी आपल्याकडे जुळू लागली, पुढे इथेच बनू लागली. तिकडचा कारखाना बंद पडला, तरी इकडे ती त्याच बांध्याची कित्येक वर्षं निघत राहिली. बांधा साधा असल्यामुळे तिचं इंजिन गावोगावच्या मिस्त्रींना तोंडपाठ आहे.

दोन भाव

अब्बांच्या माघारी आम्ही चौघं: अम्मी, भाईजान, मी आणि माझा धाकटा भाऊ. आधी अब्बांची देणी फेडली. कापडाचा शिल्लक माल, घर, थोडी रोकड, सगळ्याची यादी भाईजाननी अब्बांच्याच वहीत केली. यादीत शेवटी बुलेट आली. धाकट्याला ती ठेवायची होती. लहानपणी टाकीवर बसून तो अब्बांबरोबर बाजाराला गेलेला. तो म्हणाला, "किंमत ठरवा, बाकीच्यांचा हिस्सा मी देतो."

किंमत ठरेना. एक शौकीन घरी आला, गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, एक लाख. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने किक मारली, धूर पाहिला आणि म्हणाला, "फुल इंजिन करावं लागेल, चाळीस हजार जातील. पंचवीसला देऊन टाका."

आता हिशेब पाहा. पत्नीचा हिस्सा आठवा. उरलेल्याचे आमच्या घरी पाच भाग: दोन्ही भावांना दोन-दोन, मला एक. गाडी पंचवीस हजारांची धरली तर अम्मीला ३,१२५ आणि मला ४,३७५ रुपये. एक लाखाची धरली तर अम्मीला १२,५०० आणि मला १७,५००. पहिल्या भावात अम्मीचं नि माझं नुकसान, दुसऱ्यात धाकट्याच्या मानेवर नसलेल्या किमतीचं ओझं.

नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी सोपा मार्ग सुचवला. "एका जुन्या गाडीचं काय मोजायचं? बहीण सोडून देईल की!" भाईजान शांतपणे म्हणाले, "आधी किती सोडायचं ते तरी तिला कळू द्या."

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. कोल्हापूरजवळ एका मशीन शॉपच्या तपासणी विभागात कामाला आहे. ओतून आलेल्या भागांत भोकं पाडली जातात, त्यांचे व्यास मोजायचे हे माझं रोजचं काम. दिवसभर बोअर गेज आणि मायक्रोमीटर हातात असतात. मी म्हटलं, इंजिन उघडू आणि मोजू. पण माझाही हिस्सा त्यात होता, म्हणून एक अट मीच घातली: प्रत्येक आकडा दोघा भावांनी स्वतः वाचायचा, मगच तो वहीत लिहायचा.

उघडण्याआधी

एका रविवारी अब्बांच्या ओळखीच्या मिस्त्रीचाचांकडे गाडी नेली. चाचांचे केस या धंद्यातच पांढरे झालेत. त्यांनी पाना उचलला नाही. आधी थंड इंजिनाला किक मारली आणि ऐकत उभे राहिले. आतून टकटक येत होती. इंजिन तापलं तशी ती कमी झाली. "पिस्टन सिलिंडरमध्ये डोलतोय," ते म्हणाले. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तापला की फुगतो, फट भरते आणि आवाज कमी होतो.

मग धूर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. ते कुठून येतंय, हे धूर कधी येतो त्यावरून बऱ्याच अंशी कळतं. ॲक्सिलरेटर दिला की सतत येत असेल तर संशय रिंगा आणि सिलिंडरवर. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून मग पुन्हा दिल्यावर एकदम लोट येत असेल तर संशय व्हॉल्व्ह गाइडवर. आमच्या गाडीत पहिला प्रकार जास्त होता, दुसरा थोडा.

तिसरी चाचणी प्रेशरची. स्वयंपाकघरातलं उदाहरण देते. कुकरची रिंग सैल झाली की वाफ कडेने निसटते, शिट्टी होत नाही. इंजिनाचंही तसंच आहे. पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबतो. ते कुठूनही निसटलं तर ताकद कमी होते. स्पार्क प्लग काढून तिथे गेज लावलं, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून किका मारल्या. काटा ६५ पौंडांवर थांबला. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडलं आणि पुन्हा किका मारल्या. काटा ९० वर गेला.

यात युक्ती अशी: ऑइल रिंगांच्या फटी थोडा वेळ भरून काढतं. काटा वर गेला म्हणजे गळती रिंगांकडून होती. अजिबात हलला नसता तर दोष व्हॉल्व्हचा धरला असता. आमचा काटा बराच चढला, तरी चाचांचं समाधान होईल इतका नाही. ते म्हणाले, "दोघंही दोषी आहेत. कोण किती, ते उघडल्यावर."

व्हॉल्व्ह काय सांगतात

हेड काढलं. नट एकदम काढत नाहीत. समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जातात, नाहीतर हेड वाकतं. व्हॉल्व्ह दोन. एक मिश्रण आत घेतो, तो इनलेट. दुसरा जळालेला वायू बाहेर सोडतो, तो एक्झॉस्ट. दोघांचा आकार भूछत्रासारखा: लांब दांडा आणि वर चपटी टोपी. टोपीची तिरपी कड हेडमधल्या सीटवर घट्ट बसली पाहिजे.

व्हॉल्व्ह काढण्याआधी चाचांनी हेड उलटं धरलं आणि आत-बाहेर जाण्याच्या मार्गांत आळीपाळीने पेट्रोल ओतलं. इनलेटकडून ते जेमतेम पाझरलं. एक्झॉस्टकडून मात्र थेंब ओघळू लागले. कुठलंही महागडं यंत्र नाही, पण गळती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

मग स्प्रिंगा दाबून व्हॉल्व्ह बाहेर काढले. इनलेटची कड करडी, सारखी, फक्त थोडी खरखरीत. बारीक पेस्ट लावून घासला की तो पुन्हा बसेल. एक्झॉस्टची गोष्ट वेगळी. त्याच्या कडेवर खड्डे पडले होते आणि एका बाजूला ती इतकी पातळ झाली होती की धाकट्याने मोजली तेव्हा अर्धा मिलिमीटरही भरली नाही. अशी पातळ कड लालबुंद तापते आणि जळते. तो व्हॉल्व्ह घासून उपयोग नव्हता. बदलायलाच हवा होता.

एक्झॉस्टच का जास्त जळतो? इनलेटला दर वेळी थंड मिश्रणाची झुळूक मिळते, एक्झॉस्टच्या अंगावरून आगच जाते. ही उष्णता तो टेकलेला असताना सीटमधून हेडमध्ये उतरवतो. तो नीट टेकलाच नाही तर उष्णता जाणार कुठे? चाचांनी इथे एक गोष्ट सांगितली ती प्रत्येक बुलेटवाल्याने लक्षात ठेवावी. टॅपेटचा आवाज आवडत नाही म्हणून लोक ते घट्ट करून घेतात. गाडी गप्प होते, मालक खूश होतो. पण तापलेला व्हॉल्व्ह लांबतो, आणि टॅपेट घट्ट असेल तर तो पूर्ण बंद होत नाही. या जुन्या बुलेटला माप सोपं आहे: इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये.

पेट्रोलही बदललं. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग असायचं. त्याचा पातळ थर व्हॉल्व्हच्या सीटवर बसून तिची झीज कमी व्हायची. ते शिसं माणसांसाठी, विशेषतः लहान मुलांसाठी विषारी. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं आणि ते योग्यच झालं. पण त्याआधीच्या इंजिनांच्या सीटकडे तेव्हापासून जास्त लक्ष द्यावं लागतं.

दांडे मी मायक्रोमीटरने तीन-तीन ठिकाणी मोजले. एक्झॉस्टचा दांडा मधोमध झिजला होता, आणि गाइडमध्ये घालून हलवला तर डुलत होता. उतारानंतरच्या धुराचं कारण सापडलं. वहीत लिहिलं: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवा, गाइड नवं, दोन्ही सीट कापून घेणं, इनलेट घासणं.

पिस्टन आणि सिलिंडर

सिलिंडर वर उचलला तेव्हा चाचांनी आधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबलं. गजन पिनची बारीक क्लिप आत पडली तर अख्खं इंजिन उघडावं लागतं. मग पिस्टन सुटा करून पांढऱ्या कापडावर ठेवला.

पिस्टनच्या अंगावरच सगळं लिहिलेलं असतं. रिंगांच्या खाली तपकिरी डाग होते: जळालेला वायू तिथून खाली निसटत होता. पुढच्या आणि मागच्या बाजूला उभे ओरखडे होते, डाव्या-उजव्या बाजू जवळपास स्वच्छ. कनेक्टिंग रॉड तिरपा होतो तेव्हा पिस्टन पुढच्या-मागच्या भिंतीवर रेटला जातो, म्हणून झीजही तिथेच. खालची ऑइल रिंग कार्बनने खाचेत चिकटून बसली होती. भिंतीवरचं ऑइल खरवडून खाली ढकलायचं हे तिचं काम. तीच अडकली तर ऑइल वर जाणार आणि जळणार.

सिलिंडर मी सहा ठिकाणी मोजला: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी पुढे-मागे व डावी-उजवी. सिलिंडर सारखा झिजत नाही. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबून उलट फिरतो, तिथे उष्णता आणि दाब सर्वांत जास्त आणि ऑइल सर्वांत कमी. म्हणून वरच्या भागात तो रुंद आणि लंबगोल होतो, खाली जवळपास मूळ मापाचा राहतो.

भाईजाननी पहिला आकडा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. ७०.६८. धाकट्याने वाचला, तोच. त्याच उंचीवर डावी-उजवी ७०.६४. अगदी खाली ७०.५२ आणि ७०.५१. मूळ व्यास ७०. मग खाली, जिथे झीज नसतेच म्हणायची, तिथे अर्धा मिलिमीटर जास्त कसा?

चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी पिस्टनचा माथा रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पुसला, लाकडी पट्टीने कार्बन हळूहळू खरवडला. काळ्या थराखालून ठोकलेला आकडा दिसू लागला: ०.५०. हा मूळ पिस्टन नव्हता. हे इंजिन पूर्वी एकदा बोअर होऊन अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसवलेला होता. आमच्यापैकी कुणालाच याचा पत्ता नव्हता, आणि त्यावर गाडीची किंमत अवलंबून होती. सिलिंडर झिजला की तो लेथवर मोठा कापून मोठा पिस्टन घालता येतो, पण कितीही वेळा नाही. भिंत पातळ होत जाते. आता पुढची पायरी एक मिलिमीटर, म्हणजे ७१. त्यानंतर स्लीव्ह घालणं हाच मार्ग.

माझ्या आकड्यांची चाचांनी त्यांच्या पद्धतीने परीक्षा घेतली. जुनी वरची रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवली आणि तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने पाहिली. वर १.३० मिमी, खाली ०.८५. नवी रिंग असती तर फट मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भरली असती. वर-खालीतला फरक ०.४५. त्याला ३.१४ ने भागलं की व्यासातला फरक मिळतो: साधारण ०.१४. माझ्या गेजच्या सरासरीतही फरक एवढाच होता. बोअर गेज नसलेल्या कुठल्याही गॅरेजात हे करता येतं. पिस्टनचा व्यास खालच्या बाजूला ७०.२९ भरला, म्हणजे सर्वांत रुंद जागी पिस्टन आणि भिंत यांच्यात ०.३९ मिमीची मोकळीक. सकाळची टकटक तीच.

शेवटचा प्रश्न क्रँकचा. चाळीस हजारांचा अंदाज त्यावरच उभा होता. चाचांनी पिस्टनविना उभा असलेला कनेक्टिंग रॉड सर्वांत वरच्या स्थितीत आणला, दोन्ही हातांनी धरला आणि सरळ वर ओढून खाली दाबला. ढिलाई नाही. आडवा थोडा हलत होता, पण तेवढं हलायलाच हवं. भावांनाही त्यांनी तसं करून पाहायला लावलं. "क्रँक शाबूत आहे. हाफ इंजिनचं काम आहे, फुल नाही. जे झिजलंय तेवढंच बिलात येईल."

ते उलट बोलले असते तर त्यांचं बिल दुप्पट-अडीचपट झालं असतं, आणि गाडीची किंमत उतरून धाकट्याचाही फायदा झाला असता. तिथे कुणीही त्यांना अडवलं नसतं. जोहरची अजान झाली, तसे ते हात धुवायला उठले. मी त्यांच्या साबणाच्या डबीकडे पाहत होते. एवढ्या मोठ्या गॅरेजात स्वच्छ वस्तू तेवढीच होती, आणि हिशेब.

अम्मीच्या बांगड्या

त्या ०.५० बद्दल मी अम्मीला फोनवर विचारलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हो, एकदा इंजिन केलं होतं. तू दुसरीत होतीस. दोन आठवडे ते एसटीने गठ्ठे घेऊन बाजाराला गेले. पैसे नव्हते, माझ्या दोन बांगड्या मोडल्या."

संध्याकाळी घरी हा विषय निघाला. भाईजान म्हणाले, बांगड्या अम्मीच्या होत्या. त्या अब्बांच्या धंद्यासाठी मोडल्या असतील तर ते अब्बांवरचं कर्ज. वाटणीआधी ते फेडलं पाहिजे. आम्ही दोघांनीही मान डोलावली. अम्मी भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"मी दिल्या होत्या," ती म्हणाली. "उसन्या नव्हत्या दिल्या."

भाईजाननी पुन्हा विचारलं, मनापासून का, संकोचाने तर नाही? ती हसली आणि म्हणाली, त्या इंजिनावर तुमची शाळा झाली. मला माझ्या बांगड्यांचं मोल मिळालंय. भाईजाननी वहीत तेही लिहिलं: बांगड्या दोन, अम्मीची भेट, कर्ज नाही. तीस वर्षं कुणी न काढलेला विषय पिस्टनवरच्या एका आकड्यामुळे निघाला आणि अम्मीच्या शब्दावर मिटला. तो आकडा सापडला नसता, तर तिने काय दिलं होतं हे आम्हाला कधीच कळलं नसतं.

मग किंमत. चालत्या, चांगल्या इंजिनाच्या अशा बुलेटला चाचांनी आणि आणखी दोन जाणकारांनी ८०,००० सांगितले. दुरुस्तीचा अंदाज १६,०००: उद्यमनगरात बोअर आणि होनिंग, पिस्टन-रिंगा, व्हॉल्व्ह, गाइड, सीट, गजन पिनचं बुश, गॅस्केट आणि मजुरी. म्हणजे आजच्या स्थितीत गाडी ६४,००० ची. एक लाख म्हणणाऱ्या शौकिनाला आकडे सांगितले, तर तोही साठ-पासष्टवर आला. अम्मीला ८,०००, भावांना प्रत्येकी २२,४००, मला ११,२००. धाकट्याने स्वतःचा हिस्सा वजा करून ४१,६०० तीन हप्त्यांत दिले. माझे पैसे मी घेतले. सोडून दिले असते तर मला वाईट वाटलं नसतं, पण पुढच्या वेळी कुणाच्या तरी मुलीला "तिने नाही का सोडले" असं ऐकवलं गेलं असतं.

आपल्या घरच्या गाडीसाठी

बुलेट असो, शंभर सीसीची साधी गाडी असो, चार-स्ट्रोक इंजिनाची ही तपासणी थोड्याफार फरकाने सारखीच. घेताना, विकताना किंवा वाटणी करताना एवढं जरूर पाहावं.

थंड इंजिन सुरू करा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर गार होईपर्यंत थांबा. झिजलेल्या पिस्टनचा आवाज थंडीतच ऐकू येतो. धूर कधी येतो ते बघा. चमचाभर ऑइलची चाचणी करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

इंजिन उघडलंच तर शेजारी थांबा. मिस्त्रीला "काय खराब आहे" एवढंच विचारू नका, "किती" ते विचारा, आणि आकडा लिहून घ्या. पिस्टनचा माथा साफ करून त्यावरचं माप वाचा. इंजिन पूर्वी कितव्यांदा बोअर झालंय ते तिथे कळतं. काढलेले जुने भाग मागून घ्या. प्रामाणिक मिस्त्रीला याचा राग येत नाही. तो उलट ते स्वतःहून दाखवतो.

बोअर करायला सिलिंडर पाठवाल तेव्हा नवा पिस्टनही बरोबर द्या. पिस्टन हातात घेऊन, त्याच्या मापाला धरूनच सिलिंडर कापायचा असतो. काम झाल्यावर पहिले काही शे किलोमीटर गाडी हळू चालवा, ओझं लादू नका. एअर फिल्टर साफ ठेवा. आपल्याकडच्या रस्त्यांवरची धूळ आत गेली की ती ऑइलमध्ये मिसळून सिलिंडर घासत राहते. ऑइल वेळेवर बदला, आणि सुरू केल्यावर लगेच भरधाव नेऊ नका. वरच्या भागापर्यंत ऑइल पोहोचायला थोडा अवधी द्या.

आणि घरच्या वस्तूंवर काय खर्च झाला, कुणाच्या पैशांतून झाला, हे हयातीतच कुठेतरी लिहून ठेवा. गाडी असो, शिलाई मशीन असो, घराचा पत्रा असो. बायकोने दागिना मोडून दिला असेल तर तो भेट होता की उसना, हे तिच्यादेखत एका ओळीत लिहिलेलं बरं. मागे राहणाऱ्यांना कार्बन खरवडून ते शोधावं लागू नये.

धाकट्याने गाडीचं काम करून घेतलंय. पिस्टनवर आता १.०० आहे. जुना पिस्टन त्याने धुऊन पुसून अम्मीला दिला. अम्मीने तो कपाटात ठेवलाय, ०.५० वरच्या बाजूला येईल असा. अल्लाह अब्बांची मगफिरत करो, आणि मोजताना आपल्या सर्वांचे हात सरळ ठेवो.